एका दिवसाचा परवाना

छंदाने पोट भरत नाही, हे वाक्य आपल्या मध्यमवर्गीय घरांतून पिढ्यानपिढ्या ऐकविले गेले आहे. टपालाची तिकिटे जमविणाऱ्या, आगपेट्यांवरची चित्रे वहीत चिकटविणाऱ्या किंवा दिवाळीची सारी सुटी मातीचा किल्ला करण्यात घालविणाऱ्या मुलाला वार्षिक परीक्षेची आठवण करून देणे, हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच मानले जाई. अलीकडे या उपदेशाची जागा नेमक्या उलट्या उपदेशाने घेतली आहे. ज्यावर प्रेम असेल तेच काम करा, पैसा मागोमाग येईल, असे आता व्याख्यानांतून तरुणांना सांगितले जाते. दोन्ही उपदेश सारखेच उथळ आहेत. छंदाचा धंदा होतो किंवा होत नाही, तो केवळ छंदिष्टाच्या उत्कटतेमुळे नव्हे. भोवतालच्या समाजाने, कायद्याने आणि बड्या व्यापाऱ्यांनी त्याच्यासाठी एखादा लहानसा दरवाजा उघडा ठेवला आहे की नाही, यावर ते अवलंबून असते. जपानमधील ‘अ‍ॅनिमे’ म्हणजे सचेतनपटांतील पात्रांच्या छोट्या मूर्ती घडविणाऱ्या आणि विकणाऱ्या हौशी मंडळींचा गेल्या चार दशकांचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

या उद्योगाचा आजचा विस्तार डोळे दिपविणारा आहे. जपानी सचेतनपट-निर्मात्यांच्या संघटनेच्या हिशेबानुसार २०२३ मध्ये या साऱ्या व्यवसायाची एकूण उलाढाल सुमारे ३ लाख ३४ हजार कोटी येन होती आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून आलेला होता. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या जोडीला पात्रांची छायाचित्रे, कपडे, खेळणी आणि मूर्ती यांची विक्री हा या उलाढालीतील एक मोठा घटक आहे. परंतु या आकड्यांकडे पाहून प्रारंभाची कल्पना येत नाही. प्रारंभ झाला तो ओसाका शहराच्या उपनगरातील, जेमतेम पन्नास चौरस फुटांच्या एका दुकानात.

‘काइयोदो’ या नावाचे हे दुकान मियावाकी ओसामु या गृहस्थांनी १९६४ मध्ये मोरिगुची येथे थाटले. प्लास्टिकच्या प्रतिकृती विकायच्या की शेवयांची खानावळ काढायची, याचा निर्णय त्यांनी लाकडी तलवार उभी करून ती कोणत्या बाजूला पडते ते पाहून केला, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, भांडवल आणि योजना या दोहोंचा अभाव तीत नेमका व्यक्त झाला आहे. दुकानात मुले येत, सुटे भाग जोडून जहाजे आणि रणगाडे बनवीत, आणि पुढे मोठी होऊनही येतच राहत. या मोठ्या झालेल्या मुलांमुळेच पुढचा सारा इतिहास घडला, कारण कारखानदार ज्या वस्तू बनवीत होते त्या लहान मुलांसाठी होत्या आणि या तरुणांना हवे होते ते बाजारात मिळतच नव्हते.

मागणी किती मोठी आहे याचा अंदाज बड्या व्यापाऱ्यांनाही उशिरा आला. ‘गंडाम’ ही यंत्रमानवांची मालिका एप्रिल १९७९ मध्ये दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि अपेक्षित प्रतिसादाअभावी जानेवारी १९८० मध्ये, म्हणजे ठरल्यापेक्षा आधीच गुंडाळण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये बांदाई या कंपनीने तीमधील यंत्रमानवाची ३०० येन किमतीची जोडप्रतिकृती बाजारात आणली आणि ती मिळविण्यासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. बंद पडलेल्या मालिकेचे प्रेक्षक शाळकरी पोरांपेक्षा थोडे मोठे होते आणि त्यांच्या खिशात स्वतःचे पैसे होते, हे व्यापारी जगाला त्यावेळी उमगले. मात्र कारखान्याच्या पोलादी साच्याला मोठा खर्च येतो. हजारोंच्या संख्येने खप असल्याखेरीज तो साचा परवडत नाही. ज्या पात्रावर शंभर माणसांचेच प्रेम आहे त्याची मूर्ती कोणता कारखानदार काढणार?

ती पोकळी हौशी मंडळींनी भरून काढली. १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत काइयोदोसारख्या दुकानांच्या आश्रयाने ‘गॅरेज किट’ हा प्रकार रूढ झाला. त्याची कृती सांगण्यासारखी आहे. प्रथम पुटीतून किंवा मातीतून मूळ मूर्ती घडवायची, ती सिलिकॉन रबरात बुडवून साचा काढायचा, त्या साच्यात पातळ रेझिन ओतायचे आणि काही मिनिटांनी घट्ट झालेला भाग बाहेर काढायचा. रबराचा साचा वीस-तीस वेळा वापरला की फाटू लागतो. साहजिकच एका साच्यातून निघणारी संख्या आणि त्या पात्राचे चाहते यांचे प्रमाण बरोबर जुळते. यासाठी कारखाना लागत नाही. घराची मोरी किंवा मोटार ठेवण्याची खोली पुरते. विकत घेणाऱ्याला मिळतात ते कच्चे, बिनरंगी तुकडे. ते घासणे, जोडणे, रंगविणे हे त्याचे काम. म्हणजे गिऱ्हाईकही कारागीरच.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही हौशी मंडळींच्या बाबतीत घडू शकेल अशी आहे. खरा पेच पुढे आला. मूर्ती घडविली तुम्ही, पण पात्र तुमचे नाही. ते चित्रकाराचे, प्रकाशकाचे, चित्रपटसंस्थेचे. घरी स्वतःसाठी एक मूर्ती केली तर कोणी विचारणार नाही. परंतु तिच्या वीस प्रती काढून विकल्या की तो दुसऱ्याच्या मालमत्तेवरील अतिक्रमणाचा गुन्हा ठरतो. कारखानदार असता तर त्याने वकील पाठवून करार केला असता, आगाऊ रक्कम भरली असती. वीस प्रती विकणाऱ्या विद्यार्थ्याशी करार करण्यात कंपनीला टंकलेखनाचाही खर्च निघत नाही. अशा परिस्थितीत जगभर सामान्यतः दोनच गोष्टी घडतात. एक तर कंपनी कानाडोळा करते आणि सारा व्यवहार चोरटा राहतो. किंवा ती एके दिवशी नोटीस धाडते आणि व्यवहार बंद पडतो.

जपानमध्ये तिसरी गोष्ट घडली, आणि तिचे श्रेय ओसाकातील काही विद्यार्थ्यांकडे जाते. १९८१ मध्ये ओसाकात भरलेल्या विज्ञानकथाप्रेमींच्या संमेलनाची जबाबदारी ज्या तरुणांनी उचलली होती, त्यांच्यापैकी ओकादा तोशिओ आणि ताकेदा यासुहिरो यांनी १९८२ मध्ये ‘जनरल प्रॉडक्ट्स’ नावाचे विज्ञानकथाविषयक वस्तूंचे दुकान काढले. याच दुकानाने १९८४ च्या अखेरीस पूर्वतयारीचा एक छोटा मेळा भरविला आणि जानेवारी १९८५ मध्ये टोकियोत ‘वंडर फेस्टिव्हल’ सुरू केला. या मेळ्याच्या निमित्ताने जी पद्धत रुजली तिला जपानी भाषेत ‘त्या दिवसापुरते स्वामित्व’ अशा अर्थाचा शब्द आहे. मेळ्यात मूर्ती विकू इच्छिणाऱ्याने काही महिने आधी आयोजकांकडे अर्ज करायचा. कोणते पात्र, किती प्रती, किंमत काय, हे लिहायचे आणि घडविलेल्या मूर्तीची छायाचित्रे जोडायची. आयोजक हे अर्ज एकत्र करून त्या त्या हक्कधारकाकडे पाठवितात. हक्कधारक संमती देतो, सुधारणा सुचवितो किंवा साफ नकार देतो. संमती मिळाली तर विक्रीच्या प्रमाणात ठरलेली रॉयल्टी भरायची आणि प्रत्येक पेटीवर चिकटविण्याचे प्रमाणपत्र घ्यायचे. हा परवाना त्या मेळ्यापुरता, त्या एका दिवसापुरता असतो. सकाळी दहाला दारे उघडतात, संध्याकाळी पाचला बंद होतात, आणि पाचनंतर उरलेला माल विकण्याचा अधिकार संपतो.

वरकरणी ही अट जाचक वाटते. दुसऱ्या दिवशी तीच मूर्ती विकणे बेकायदा ठरावे, यात काही तर्क आहे काय? बारकाईने पाहिले तर त्या अटीतच या व्यवस्थेचे शहाणपण आहे. हक्कधारकाला भीती असते ती दोन गोष्टींची: आपल्या पात्राचे विडंबन होईल ही एक, आणि ज्या मोठ्या कारखान्याला आपण हक्क विकले आहेत त्याच्या धंद्याला धक्का बसेल ही दुसरी. दिवस ठरलेला, संख्या ठरलेली आणि छायाचित्र आधी पाहिलेले असल्यावर दोन्ही भीती उरत नाहीत. शिवाय शेकडो अर्जांची छाननी, पैशांचा हिशेब आणि प्रमाणपत्रांचे वाटप ही कटकट आयोजक सांभाळतात. बड्या आणि छोट्या माणसांमधील कराराचा खर्च तिसऱ्याने वाटून घ्यावा, ही कल्पना आपल्या सहकारी चळवळीला अपरिचित नसावी.

अर्थात या एका दिवसात कोणी श्रीमंत होत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. समजा, एखाद्याने ८ हजार येन किमतीच्या ३० प्रती नेल्या आणि त्या सर्व खपल्या, तर हाती २ लाख ४० हजार येन पडतील. त्यातून रबर, रेझिन, रॉयल्टी, टेबलाचे भाडे, प्रवास आणि मुक्काम वजा केल्यावर, चार-सहा महिन्यांच्या रात्री मूळ मूर्ती घडविण्यात गेल्या त्यांची मजुरी बहुधा शून्यच धरावी लागेल. दहा प्रती परत न्याव्या लागल्या तर तोटा. बहुसंख्य विक्रेते हे जाणूनच येतात. मग या मेळ्याला व्यवसाय म्हणायचे कशासाठी? माझ्या मते तो व्यवसाय नसून व्यवसायाची पाठशाळा आहे. किंमत ठरविणे, मुदत पाळणे, हक्कधारकाचा नकार पचविणे, गिऱ्हाईकाच्या समोर उभे राहणे, हे सारे तेथे एका दिवसात शिकता येते आणि चूक झाली तर नुकसान एका हंगामापुरते असते. कारखानदारांचे प्रतिनिधीही त्या टेबलांमधून हिंडत असतात. त्यांना चांगला मूर्तिकार हवा असतो. हौशी वर्तुळातून उभ्या राहिलेल्या संस्थांमध्ये १९८७ मध्ये स्थापन झालेली ‘मॅक्स फॅक्टरी’ हे एक ठळक नाव आहे. २००१ मध्ये निघालेल्या ‘गुड स्माइल’ कंपनीने २००६ पासून विकलेल्या मोठ्या डोक्याच्या, बुटक्या ‘नेंदोरॉइड’ मूर्ती आज भारतातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या टेबलांवरही दिसतात.

दुसरा एक मार्ग आहे तो घडविणाऱ्याचा नव्हे, जमविणाऱ्याचा. फुरुकावा मासुझो हे व्यंगचित्रकथा काढणारे चित्रकार. त्यांनी १९८० मध्ये टोकियोतील नाकानो ब्रॉडवे या १९६६ साली बांधलेल्या व्यापारी इमारतीत जुन्या चित्रकथांचे एक चिमुकले दुकान उघडले. इतर रद्दीवाल्यांना जी पुस्तके केवळ जुनी वाटत होती त्यांतील कोणती दुर्मीळ आहेत, हे त्यांना ठाऊक होते. ‘मांदाराके’ या नावाचे ते दुकान पुढे जुन्या खेळण्यांपर्यंत आणि मूर्तींपर्यंत विस्तारले आणि २००० मध्ये त्याचे समभाग शेअर बाजारात आले. येथे भांडवल होते ते जाणकारीचे. पण येथेही राज्यसंस्थेने आखलेली रेषा आहेच. जपानमध्ये जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा कायदा १९४९ पासून अमलात आहे. स्वतः वापरलेली वस्तू विकायला कोणाची परवानगी लागत नाही. मात्र विकण्यासाठी म्हणून जुनी वस्तू विकत घेतली की पोलीस ठाण्यामार्फत परवाना घ्यावा लागतो आणि त्याचे शुल्क १९ हजार येन आहे. चोरीचा माल खपविला जाऊ नये हा त्यामागील हेतू. छंद कोठे संपतो आणि धंदा कोठे सुरू होतो, या प्रश्नावर तत्त्वचिंतकांनी पाने खर्ची घातली असती. जपानी कायद्याने तो एका वाक्यात निकालात काढला आहे! अकिहाबारातील दुकानांत दरमहा भाड्याने मिळणारी काचेची खणे हीदेखील अशीच एक सोय. ज्याला पूर्ण दुकान परवडत नाही तो एक खण घेतो, आपल्या संग्रहातील मूर्ती किमतीची चिठ्ठी लावून ठेवतो, आणि विक्री दुकानदार करतो.

या चित्राला काळी बाजू नाही असे नव्हे. १९९९ मध्ये फुरुता या मिठाई कंपनीने १५० येनच्या चॉकलेटच्या अंड्यात काइयोदोने घडविलेली जपानी प्राण्यांची चिमुकली प्रतिकृती घालून विकण्यास प्रारंभ केला आणि मोठी माणसे खोकीच्या खोकी विकत घेऊ लागली. दोन्ही संस्थांचे पुढे बिनसले, हिशेबाचा वाद न्यायालयात गेला, आणि २००५ मध्ये ओसाका उच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयात एक विलक्षण भेद केला गेला. पुराणातील भुताखेतांच्या मूर्तींत मूर्तिकाराची स्वतःची कल्पकता आहे, म्हणून त्या कलाकृती. प्राण्यांच्या प्रतिकृती मात्र निसर्गाबरहुकूम असल्याने त्यांना तसे संरक्षण नाही. ज्या कारागिराने खवल्याखवल्याचा अभ्यास करून हुबेहूब मासा घडविला, त्याच्या हुबेहूबपणानेच त्याचा हक्क गेला. मूर्तिकलेच्या शिक्षकांनी या निर्णयावर विद्यार्थ्यांची चर्चा घडवून आणावी, असा तो आहे.

शिवाय प्रेम आणि हिशेब एकाच घरात नेहमी नांदतात असेही नाही. जनरल प्रॉडक्ट्सच्या त्याच तरुणांनी १९८४ च्या अखेरीस ‘गायनॅक्स’ ही चित्रपटसंस्था काढली. तिने १९९५ मध्ये ‘इव्हॅन्गेलिअन’सारखी जगभर गाजलेली मालिका दिली, तरी २०२४ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. मेळा चालविणे १९९२ मध्येच त्यांच्या हातून सुटले होते. ते काम काइयोदोने उचलले आणि आजही तीच संस्था ते पाहते. २००८ च्या उन्हाळी मेळ्यात गर्दीच्या भाराने सरकता जिना उलटा घसरून माणसे जखमी झाली. त्यानंतर मेळा चिबा प्रांतातील मकुहारी येथे हलविण्यात आला. माणसे येतात-जातात, संस्था बुडतात, जागा बदलतात. अर्ज, छायाचित्र आणि प्रमाणपत्र ही पद्धत मात्र टिकून राहिली.

हे सारे दूरदेशीचे कौतुक म्हणून सोडून देता आले असते. परंतु जपानी पात्रे आपल्या घरांत शिरून आता तीन दशके लोटली आहेत. १९९३ मध्ये दूरदर्शनवर ज्या मोगलीने रविवारची सकाळ गाजविली तो १९८९ मध्ये जपानमध्येच रेखाटला गेला होता. त्या मालिकेचे तेव्हाचे बालप्रेक्षक आज चाळिशीत आहेत, आणि त्यांची मुले डोरेमॉन पाहून मोठी झाली. मुंबई-पुण्यातील चित्रकलेच्या विद्यार्थ्यांमध्ये अशा मूर्ती संगणकावर घडवून त्रिमित छपाईयंत्रावर काढणारे तरुण आहेत. त्यांच्या हातात कौशल्य आहे, गिऱ्हाईकही आहे. नाही तो दरवाजा.

आपल्याकडे मूर्ती घडविण्याची परंपरा नाही असे कोण म्हणेल? रायगड जिल्ह्यातील पेण आणि आसपासच्या गावांत घरोघरी साचे आहेत, रंगकाम आहे, हंगामाचा हिशेब आहे. दिवाळीत किल्ल्यावरच्या मावळ्यांची चित्रे हजारोंनी खपतात. पण गणपती कोणाच्या मालकीचा नाही. पेणच्या मूर्तिकाराला कोणाची संमती मागावी लागत नाही, म्हणून आपल्या कारागिराला आणि आपल्या व्यापाऱ्यालाही स्वामित्वाच्या प्रश्नाला तोंड देण्याची सवय लागलेली नाही. आपला १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा याबाबत संदिग्ध नाही. सपाट चित्रावरून त्रिमित वस्तू बनविणे हा चित्रकाराचाच हक्क असल्याचे त्यात नमूद आहे. परिणामी डोरेमॉनची वीस मूर्ती विकणारा मुलगा कायद्याच्या दृष्टीने बनावट मालाचे खोके उतरविणाऱ्या व्यापाऱ्याच्याच पंक्तीला बसतो. दोघांत फरक एवढाच, की व्यापारी पकडला गेला तर नवे खोके आणतो आणि मुलगा मूर्ती करणे सोडून देतो.

अस्सल माल आणून विकणाऱ्याची वाटही सरळ नाही. खेळण्यांवरील आयातशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक संस्थेचे चिन्हही आवश्यक झाले. निकृष्ट, विषारी रंगांची खेळणी रोखणे हा त्यामागील उद्देश योग्यच होता, आणि चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांपुरताच तो आदेश आहे. प्रौढ माणसाच्या कपाटात शोभेला ठेवण्याची मूर्ती त्याच्या कक्षेबाहेर आहे. पण एवढ्या शुल्काने मूळ किंमत फुगल्यावर बनावट मालाची टपरी तेजीत चालणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. हक्कधारकाला आपल्या हक्काचा कोणताही अंश लेखी परवान्याने दुसऱ्याला देता येतो, अशी तरतूद १९५७ च्या कायद्याच्या तिसाव्या कलमात आहे; तो परवाना एका दिवसाचा आणि वीस मूर्तींचा असायला काहीच आडकाठी नाही. चित्रकथाप्रेमींचे मेळे आपल्याकडे २०११ पासून भरू लागले आहेत आणि त्यांत टेबले भाड्याने दिली जातात. जपानी हक्कधारकांना भारतीय प्रेक्षक हवा आहे, हे त्यांच्या चित्रपटांच्या हिंदी आवृत्त्यांवरून दिसतेच. आयोजकांनी टेबलाच्या भाड्याबरोबर एक अर्जाचा नमुना छापावा, मूर्तीची छायाचित्रे मेळ्याच्या चार महिने आधी मागवावीत, ती एकत्र करून टोकियोला धाडावीत, आणि जी मान्य होतील त्यांची रॉयल्टी गोळा करून पेट्यांवर लावायच्या चिठ्ठ्या द्याव्यात. पहिल्या वर्षी पन्नासांपैकी चाळीस अर्ज फेटाळले जातील. उरलेल्या दहा टेबलांपासून प्रारंभ करता येईल.